सांगलीत जुन्या वस्तूंची दुकाने धुंडाळून हाती काही मोलाचे लागते का, की तो नुसता वेळ घालवण्याचा प्रकार आहे?

गेली वीस-बावीस वर्षे मला हा नाद आहे. विकून चार पैसे यावेत असे माझ्या हाती फारसे काही लागलेले नाही, तरीही महिन्यातला एक रविवार मी या दुकानांसाठी राखून ठेवतो.

काचेच्या कपाटात वस्तू मांडणाऱ्या दुकानांपेक्षा भांड्यांची मोड घेणारी दुकाने मला अधिक आवडतात, कारण तेथे तांबे-पितळ वजनावर येते आणि दुकानदाराची नजर धातूवर असते, घडणीवर नसते. चेपलेले तांबे, कल्हई उडालेली पातेली, वरचा मोर हरवलेल्या समया अशा ढिगात बसून भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावे वाचू लागले की तास कसा जातो ते कळत नाही. कोणी लेकीच्या लग्नात दिलेले, कोणी मुंजीत आहेर केलेले. आडनावे ओळखीची, माणसे अनोळखी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, त्यानंतर गावभागातल्या घरांमधून अशी भांडी पोत्यांनी मोडीत निघाली. त्या काळात मात्र मी दुकानांकडे फिरकलो नाही. लोकांच्या चिखलातून आपली आवड शोधणे मनाला पटेना.

फसगतही झाली आहे. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ ही अक्षरे इतकी पूर्ण आणि सुबक होती की मी हरखून गेलो, आणि शंका यायला हवी होती ती नेमकी तेथेच. खरी शिवराई हाताने ठोकलेली असल्यामुळे तिच्यावरचा ठसा बहुधा सरकलेला असतो आणि एखादे अक्षर काठावर कापले जाते. माझ्या नाण्याच्या कडेला साच्याची बारीक रेघ होती, ती घरी आल्यावर दिसली. पितळी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी खिशात लोहचुंबक ठेवावे. आत लोखंड असेल तर ते लगेच चिकटते. खरोखरच शंभर वर्षांपूर्वीची कलावस्तू मिळाली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, हे परदेशी नातेवाइकांना भेट देण्याची हौस असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता मोलाचे म्हणाल, तर गेल्या वर्षी मिळालेल्या एका पितळी भांड्याबद्दल सांगतो. दुकानदाराने त्यात दोन पेने आणि एक करकटक खोचून ते गल्ल्याशेजारी ठेवले होते. त्याचा आकार पाहून मला ते चिपटे असावे असे वाटले. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हा हिशेब आजीच्या तोंडून ऐकलेला होता. वजनाच्या भावाने ते घेतले आणि घरी येऊन आईच्या जुन्या मापट्यात दोनदा तांदूळ भरून ओतले, तेव्हा मापटे काठोकाठ भरले आणि वरचे चार दाणे फरशीवर सांडले. चिपटे सध्या तांदळाच्या डब्यात असते. आम्हा दोघांच्या भाताला ते बरोबर पुरते.