बरोक काळातल्या (साधारण १६०० ते १७५०) लढाईच्या चित्रांसाठी एचिंगच का वापरत?

मुख्य कारण हाताचा वेग. एचिंग आणि एनग्रेव्हिंग या दोन्ही धातूच्या पत्र्यावर रेघा खोदून, त्यात शाई भरून कागदावर चित्र छापायच्या पद्धती. एनग्रेव्हिंगमध्ये तांब्याचा पत्रा जोर लावून कोरावा लागतो; उधळलेले घोडे, धूर, पळापळ अशाने ताठरतात. एचिंगमध्ये पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप असतो. सुईने फक्त तो लेप खरवडायचा, जवळजवळ कागदावर रेखाटावं तसं. कोरण्याचं काम आम्ल करतं.

आजच्या फ्रान्समधल्या नॅन्सी शहराचा चित्रकार जाक कालो (१५९२–१६३५) याने यात कमाल केली. मेणाच्या मऊ लेपाऐवजी त्याने वाद्यं बनवणाऱ्यांचं कडक व्हार्निश घेतलं, आणि तिरकं टोक असलेलं हत्यार. ते फिरवलं की रेघ बारीक-जाड होते. दूरच्या रेघा थोडा वेळ आम्लात ठेवून झाकायच्या, जवळच्या पुन्हा बुडवायच्या. म्हणून पुढचा शिपाई काळाभोर आणि मागचं सैन्य धुरकट दिसतं.

त्याची १६३३ची युद्धाच्या हालअपेष्टांवरची १८ चित्रांची मालिका बघा. एकेक चित्र जेमतेम ८ सेंमी उंच! तरी झाडाला लटकवलेले लुटारू शिपाई आणि शिडीवरचा पाद्री स्पष्ट दिसतात. भिंग मात्र जवळ ठेवा.