इंटरप्टची पोच: ड्रायव्हरच्या कामासाठी परदेशी निघण्यापूर्वी

नमस्कार. चार वर्षे ॲप्लिकेशन सॉफ्टवेअरचे काम केल्यानंतर तुम्ही परदेशातील एका कंपनीत लिनक्सच्या डिव्हाइस ड्रायव्हरच्या कामावर रुजू होणार आहात, निघायला तीन महिने उरले आहेत, आणि तेवढ्या अवधीत कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) इंटरप्ट हाताळणी, म्हणजे डिव्हाइसने प्रोसेसरला दिलेल्या हाकेची हाताळणी, किती खोलवर शिकून यावी, असे तुम्ही विचारले आहे. मी याच कामासाठी ११ वर्षांपूर्वी देश सोडला. त्या वेळी मला हे सांगणारे कोणी भेटले असते, तर माझे पहिले वर्ष पुष्कळ सोपे गेले असते. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझे मत असे की सगळे विषय थोडे थोडे वाचण्यापेक्षा एकच इंटरप्ट घ्यावा आणि तो आरंभापासून शेवटपर्यंत समजून घ्यावा. डिव्हाइसने हाक दिली, प्रोसेसरने हातातले काम थांबवले, हँडलर (त्या हाकेला उत्तर देणारे फंक्शन) चालला आणि थांबलेले काम पुन्हा सुरू झाले, एवढे सर्वांनाच माहीत असते. या प्रवासात पोच, म्हणजे हाक मिळाल्याची कबुली, कोणी, कोणाला आणि नेमकी केव्हा दिली, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते, आणि ड्रायव्हरमधले छळणारे दोष बहुतेक तिथेच दडलेले असतात.

पोच दोन असतात. एक इंटरप्ट कंट्रोलरला, म्हणजे डिव्हाइसच्या हाका प्रोसेसरपर्यंत नेणाऱ्या भागाला, द्यायची आणि दुसरी खुद्द डिव्हाइसला. एआरएमच्या जीआयसी कंट्रोलरमध्ये प्रोसेसर एक रजिस्टर (हार्डवेअरमधली छोटी नोंदीची जागा) वाचून इंटरप्टचा क्रमांक घेतो आणि काम झाल्यावर तोच क्रमांक दुसऱ्या रजिस्टरमध्ये लिहून समाप्ती कळवतो. एक्स८६ प्रोसेसरवर लोकल एपिक या कंट्रोलरला अशीच समाप्तीची सूचना द्यावी लागते. लिनक्समध्ये ही पहिली पोच कंट्रोलरचा कोड देतो, ड्रायव्हर लिहिणाऱ्याला तिला हात लावावा लागत नाही. दुसरी पोच, म्हणजे डिव्हाइसच्या स्टेटस रजिस्टरमधला बिट साफ करणे, ही सर्वस्वी ड्रायव्हरची जबाबदारी आहे.

ती केव्हा द्यायची, हे इंटरप्ट लेव्हल जातीचा आहे की एज जातीचा, यावर ठरते. लेव्हल प्रकारात डिव्हाइसचे समाधान होईपर्यंत लाइन ताणलेलीच राहते. पोच न देता हँडलरमधून बाहेर पडलात तर तोच इंटरप्ट लगेच पुन्हा उभा राहतो. एज प्रकारात (लाइनची पातळी बदलण्याच्या क्षणीच इंटरप्ट लागतो), आणि एमएसआयमध्येही (लाइनऐवजी मेमरी राइटने दिलेला इंटरप्ट), हाक एकदाच येते. म्हणून तिथे आधी बिट साफ करावा आणि मग काम उरकावे. क्रम उलटा झाला, तर काम संपणे आणि बिट साफ होणे यांच्या मधल्या क्षणी आलेली घटना कायमची हरवते, आणि असा दोष महिन्यातून एखाद्या वेळीच डोके वर काढत असल्याने तो सापडणे फार कठीण जाते.

माझ्यावर ओढवलेला एक प्रसंग सांगते, कारण त्यातून मी सर्वाधिक शिकले. इथे आल्यावर सहाव्या महिन्यात माझ्याकडे एक पीसीआय कार्ड आले. ते जुन्या पद्धतीच्या, लेव्हल जातीच्या सामायिक, म्हणजे अनेक डिव्हाइसेसनी वाटून घेतलेल्या, लाइनवर होते. डेटा बरोबर येत होता, परंतु /प्रॉक/इंटरप्ट्स या कर्नलच्या फाइलमधला इंटरप्टचा आकडा पूर्ण झालेल्या ट्रान्सफरच्या जवळपास दुप्पट दिसत होता. हँडलरला मिळणाऱ्या दर दोन हाकांपैकी एकीला स्टेटस रजिस्टर रिकामे असायचे. तपासासाठी मी हँडलरच्या शेवटी तेच रजिस्टर पुन्हा वाचून त्याची नोंद छापली, आणि दोष नाहीसा झाला. नोंद काढली की तो परत यायचा. तीन दिवस मी छापण्याला लागणाऱ्या वेळेच्या मागे लागले होते. वास्तविक कारण वाचण्यात होते. पीसीआयवरचे मेमरी राइट वाटेतल्या ब्रिजमध्ये (दोन बस, म्हणजे जोडमार्ग, जोडणाऱ्या चिपमध्ये) थांबून राहू शकते, आणि प्रोसेसर मात्र लिहून झाले असे समजून पुढे जातो. माझी पोच कार्डापर्यंत पोचण्याआधीच हँडलर संपत होता, लाइन अजून ताणलेली असल्याने इंटरप्ट पुन्हा लागत होता, आणि दुसऱ्या खेपेला स्टेटस वाचताना ते वाचन अडकलेले राइट पुढे ढकलून मगच उत्तर आणत असल्यामुळे रजिस्टर रिकामे दिसत होते. बिट साफ केल्यावर त्याच डिव्हाइसचे एखादे रजिस्टर वाचून घ्यायचे, एवढाच इलाज होता.

सामायिक लाइनवर हँडलरने खरे उत्तर देणेही तितकेच आवश्यक असते. इंटरप्ट आपला नसेल तर आयआरक्यू_नन (माझा नाही) हेच उत्तर परत करावे. कर्नल या उत्तरांचा हिशेब ठेवतो. १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा अधिक कोणीच स्वीकारले नाहीत, तर तो ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश छापून ती लाइनच बंद करतो. संरक्षणाची ही सोय केवळ खऱ्या उत्तरांवर उभी आहे. सरसकट आयआरक्यू_हँडल्ड (मी हाताळला) परत करणारा ड्रायव्हर ती मोडून टाकतो, आणि मग इंटरप्टचे वादळ, म्हणजे न थांबणारा भडिमार, उठले की मशीन मुकाट्याने गोठते.

ॲप्लिकेशनच्या कामातून येणाऱ्याला सर्वांत जड जाते ती संदर्भाची शिस्त. इंटरप्ट हँडलर कोणत्याही प्रोसेसच्या वतीने चालत नाही, म्हणून त्याला झोपता, म्हणजे वाट पाहत थांबता, येत नाही. म्यूटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारा लॉक) घ्यायचा नाही, जीएफपी_कर्नल (झोपण्याची मुभा देणारा फ्लॅग) लावून मेमरी मागायची नाही, युझरच्या मेमरीतून काही कॉपी करायचे नाही. झोपू शकणारे फंक्शन चार पातळ्या खाली लपलेले असले तरी नियम तोच राहतो. दुसरी चूक लॉकची असते. साध्या कोडमध्ये स्पिनलॉक (मिळेपर्यंत न झोपता प्रयत्न करत राहावा लागतो असा लॉक) धरलेला आहे, त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट आला, आणि हँडलर तोच लॉक मागू लागला, तर ज्याने लॉक सोडायचा तो हँडलर संपण्याची वाट पाहत राहतो आणि हँडलर लॉकची. म्हणूनच असा लॉक साध्या कोडमधून घेताना स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (लॉक असेपर्यंत त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद ठेवणारा प्रकार) वापरावा लागतो. तुमच्या सरावाच्या कर्नलमध्ये कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग आणि कॉन्फिग_डीबग_ॲटॉमिक_स्लीप हे दोन पर्याय पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. या दोन्ही चुका ते पर्याय, मशीन अडकण्याची वाट न पाहता, दाखवून देतात.

हँडलरमध्ये कमीत कमी काम करून उरलेले पुढे ढकलायचे, यासाठी सॉफ्टआयआरक्यू, टास्कलेट, वर्कक्यू असे मार्ग आहेत. त्यांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. थ्रेडेड इंटरप्ट मात्र नीट समजून घ्या. ही सोय २००९ मध्ये २.६.३० या आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. आयटूसी बसवरच्या एखाद्या सेन्सरचे स्टेटस रजिस्टर वाचायचे तर बसवर थांबावे लागते, म्हणजे झोपावे लागते. पोच देण्यासाठीच झोपणे भाग आहे आणि हँडलरला तर झोपायची मुभा नाही. अशा वेळी ते काम कर्नल थ्रेडमध्ये करायचे आणि आयआरक्यूएफ_वनशॉट सांगून थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क (तात्पुरती बंद) ठेवायची. तो फ्लॅग नसता, तर ताणलेल्या लाइनने थ्रेडला धावूच दिले नसते. नेटवर्क ड्रायव्हर हाती येणार असेल तर नापी (पॅकेट्स उचलण्याची कर्नलमधली पद्धत) हीही वाचून ठेवा: पहिल्या पॅकेटच्या इंटरप्टनंतर तो इंटरप्ट बंद करून उरलेली पॅकेट्स पोलिंगने, म्हणजे स्वतःहून तपासत राहून, उचलायची, एका खेपेला साधारणपणे ६४ पर्यंत.

सरावासाठी महागडा बोर्ड विकत घेण्याची गरज नाही. क्यूईएमयू या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एज्यू’ नावाचे शिकवण्यासाठीच बनवलेले पीसीआय डिव्हाइस आहे. त्याच्या हेक्स ६० या रजिस्टरमध्ये लिहिले की इंटरप्ट उठतो, हेक्स २४ मध्ये स्टेटस वाचता येते, आणि तीच किंमत हेक्स ६४ मध्ये लिहिली की पोच मिळते. त्याचा ड्रायव्हर स्वतः लिहा. आधी एमएसआय न वापरता लेव्हल लाइनवर तो चालवा. मग पोच देणारी ओळ मुद्दाम काढून टाका आणि हँडलरमधून एकदा आयआरक्यू_हँडल्ड व एकदा आयआरक्यू_नन परत करून दोन्ही वेळा काय होते ते डोळ्यांनी पाहा. त्यानंतर ड्रायव्हर एमएसआयवर न्या आणि काय काय बदलले ते लिहून काढा. ब्रिजमध्ये अडकणाऱ्या राइटचा अनुभव मात्र क्यूईएमयू देणार नाही. तो खऱ्या हार्डवेअरवरच येतो.

लिहून काढायला सांगण्यामागे कारण आहे. मी ज्या गटांत काम केले, तिथे कोड तपासणारा सहकारी पुष्कळदा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या टाइम झोनमध्ये बसलेला असतो आणि त्याचा प्रश्न एका ओळीत येतो: हे फंक्शन कोणत्या संदर्भात चालते? सुरुवातीला मला असे प्रश्न म्हणजे माझ्या क्षमतेवर घेतलेला संशय वाटायचा, आणि मी उत्तराऐवजी कोडच बदलून टाकत असे. ते चुकीचे होते. तो प्रश्न ज्येष्ठांनाही तितक्याच सहजपणे विचारला जातो, आणि त्याचे उत्तर कमिट मेसेजमध्ये (कोडमधल्या बदलासोबतच्या टिपणीत) दोन-तीन स्पष्ट वाक्यांत देणे हा इथे कामाचाच भाग मानला जातो. ती वाक्ये लिहिण्याची सवय आजपासूनच लावून घ्या.

तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला पत्र लिहून तीन गोष्टी विचारा: प्रोसेसर कोणता, इंटरप्ट कंट्रोलर कोणता, आणि कर्नल प्रीएम्प्ट_आरटी (रिअल-टाइम कामासाठीची सुविधा) लावून बांधलेला आहे का. ही सुविधा २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आली. ती चालू असेल तर बहुतेक हँडलर आपोआप थ्रेडमध्ये जातात आणि साधा स्पिनलॉकही झोपू शकतो, त्यामुळे वर सांगितलेल्या शिस्तीचा काही भाग तुम्हाला नव्याने वाचावा लागेल. कंट्रोलरचे नाव कळले की त्याच्या मॅन्युअलमधला पोच आणि समाप्ती यांवरचा भाग छापून घ्या, आणि तुमच्या एज्यू ड्रायव्हरच्या नोंदींशेजारी ठेवून ओळीने वाचा.