वाचकांचे प्रश्न : मेमो दिला, पुढं काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी राजारामपुरीत एका छोट्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात नाईटला आमच्या ज्युनिअर सिस्टरनं अँटिबायोटिकमध्ये घालायला डिस्टिल्ड वॉटर समजून पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल (इंजेक्शनची सीलबंद छोटी कुपी) उचलली, शेजारच्या सिस्टरचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. तिला मेमो मिळाला, बोर्डावर ‘लक्ष देऊन काम करा’ अशी नोटीस लागली, विषय संपला. मला हे पटत नाही ओ, पण मॅनेजमेंटला सांगायचं काय?

उत्तर : ताई, पटलं नाही ते बरोबरच आहे. दोन्ही अँप्युल १० मिलीच्या, दोन्ही पारदर्शक प्लास्टिकच्या, अक्षरं बारीक आणि बहुतेक एकाच ट्रेमध्ये, मग रात्री तीन वाजता कुणीतरी चुकीची उचलणारच, आज ही पोरगी, उद्या तुमच्यातली सगळ्यात सीनियर. आणि त्या एका अँप्युलमध्ये साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं, पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. एवढं घातक औषध पाण्याशेजारी का ठेवलं होतं, हा प्रश्न मेमोत कुठंच नाही.

सिस्टीम्स थिंकिंग म्हणजे एका माणसाऐवजी सगळ्या व्यवस्थेकडं बघणं, त्यात हाच प्रश्न आधी विचारायचा. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं १९९९ च्या रिपोर्टमध्ये तिथल्या हॉस्पिटलांत चुकांमुळं वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होतात असा अंदाज दिला, आणि ह्या चुका बेफिकीर माणसांपेक्षा सदोष व्यवस्थेतून येतात हे ठासून सांगितलं.

करायचं काय, तर एक मोठा कागद घ्या आणि नाईटची सिस्टर, फार्मसीवाला, स्टोअर बघणारा, आरएमओ (हॉस्पिटलातले निवासी डॉक्टर) आणि हो, मावशींनासुद्धा बसवा. औषध लिहिल्यापासून पेशंटच्या शिरेत जाईपर्यंत खरोखर काय काय होतं ते काढा. प्रोटोकॉलच्या फाइलमधलं नको, सुरक्षिततेचे अभ्यासक एरिक होल्नागेल हेच सांगतात की कागदावरचं काम आणि प्रत्यक्षातलं काम यात फरक असतो आणि धोका तिथंच लपतो. ट्रे कोण भरतं, फार्मसी रात्री बंद असते का, इंजेक्शन भरताना किती वेळा कुणीतरी हाक मारतं, रात्री एका सिस्टरकडं किती पेशंट, सगळं त्यात येऊ दे.

मग उपाय. नोटीस आणि ट्रेनिंग सगळ्यात कमजोर, डबल चेक त्याहून बरा, आणि सगळ्यात भक्कम म्हणजे ती अँप्युल जनरल वॉर्डात ठेवायचीच नाही. पण इथं थांबू नका. वॉर्डातून काढली आणि रात्री खरंच गरज पडली की आयसीयूतून आणायला वेळ लागतो, मग कुणीतरी दोन-चार अँप्युल ड्रॉवरमध्ये दडवून ठेवतं, म्हणजे धोका गेला नाही, नुसता नजरेआड झाला. म्हणून बदल केल्यावर पंधरा दिवसांनी परत तोच कागद काढून बघायचं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मेमोची. मेमो मिळाला की पुढची सिस्टर अशी गोष्ट सांगत नाही, सांगितलं नाही की मॅनेजमेंटला वाटतं सगळं छान चाललंय, आणि मग एक दिवस खरंच पेशंट जातो आणि अजून मोठा मेमो निघतो. हे चक्र तोडायला ‘थोडक्यात निभावलं’ अशी वही ठेवा, नाव न लिहिता, आणि दर आठवड्याला त्यातली एक तरी गोष्ट दुरुस्त झालेली सगळ्यांना दिसली पाहिजे, नाहीतर वहीत कुणी लिहिणार नाही. दारू पिऊन ड्युटीवर येणारा किंवा मुद्दाम नियम मोडणारा वेगळा, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी. १७ सप्टेंबरला जागतिक रुग्ण सुरक्षा दिन असतो, मॅनेजमेंटसमोर विषय काढायला तो दिवस चांगला.

प्रश्न : आईला गडहिंग्लजहून कोल्हापूरला ॲडमिट करायचंय. नातेवाईक म्हणून आम्ही काय करू शकतो?

उत्तर : चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, आयुर्वेदिकसुद्धा. इंजेक्शनच्या आधी आईंचं नाव विचारलं नाही तर तुम्हीच सांगा आणि कशाचं इंजेक्शन आहे ते विचारा, कुणी रागावलं तरी विचारा. फक्त सिस्टर औषध भरत असताना मधेच बोलू नका, तिचं भरून होऊ दे.