ताट आधी, पेटी नंतर

मागच्या अंकात विचारलं होतं की एकत्र जेवणातून एखाद्या कामासाठी मदत उभी करताना तुम्हाला कुठे अडतं, तर पत्रांचा आणि मेलचा ढीगच पडला. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत, नावं अर्थातच छापत नाहीये.

प्रश्न : आमच्या कॉलनीत साठेक घरं आहेत. मुलांच्या अभ्यासिकेसाठी पैसे उभे करायला सगळ्यांचं एकत्र जेवण ठेवतोय. कूपन ठेवलं तर काही घरं येणारच नाहीत, नाही ठेवलं तर लोक फुकट जेवून जातील असं कमिटीतले म्हणतात. काय करू?

ताई, कूपन नको. कमिटीची भीती मला कळते, कारण आम्ही पहिल्यांदा जेवण ठेवलं तेव्हा मीसुद्धा हेच म्हणाले होते. दारातच टेबल मांडलं, टेबलावर पेटी आणि पेटीमागे पावतीपुस्तक घेऊन मी. एक बाई दोन पोरांना घेऊन आली, पेटी बघितली, पर्सची चेन अर्धी उघडली, परत लावली आणि फोन आलाय असं म्हणून मागे फिरली. फोन वाजलाच नव्हता. धाकटा पोरगा वळून वळून आत मांडलेल्या ताटांकडे बघत होता, ते मला आजही आठवतं. त्या दिवशी पैसे बरे जमले, पण जिच्याशी ओळख व्हायला हवी होती नेमकी तीच दारातून परत गेली आणि ते माझ्यामुळे झालं.

पुढच्या वेळी आम्ही पेटी उचलून हात धुवायच्या जागेपलीकडे, बाहेर पडायच्या वाटेवर ठेवली. पेटीमागे कुणी बसायचं नाही. आत येताना प्रत्येकाला एकसारखं पाकीट द्यायचं आणि जाताना सगळ्यांनी ते पेटीत टाकायचं, रिकामं असलं तरी टाकायचं. म्हणजे कुणी काय दिलं, दिलं की नाही, हे कुणालाच कळत नाही. रिकामी पाकिटं निघतात, निघू देत. काही पाकिटांत इतके निघतात की कूपनची कुठलीही किंमत ठेवली असती तरी तेवढे आले नसते.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत डेनिस सेरेटा नावाच्या बाईंनी 2003 मध्ये आपल्या कॅफेतले दर काढून टाकले. ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने द्यायचं, पैसे नसतील तर थोडा वेळ काम करायचं आणि जेवायचं. यातली कामाची सोय मला फार मोलाची वाटते. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत त्याला काहीतरी देता आलं पाहिजे, नाहीतर घास घशाखाली उतरत नाही. वाढायला घ्या, भाजी चिरायला बोलवा, सतरंज्या उचलायला बोलवा.

अजून एक, जेवणाचा खर्च पेटीतून काढू नका. तांदूळ कुणी, तेल कुणी, गॅस कुणी असं आधीच वाटून घ्या आणि जेवणाआधी सांगून टाका की पेटीतलं सगळंच्या सगळं अभ्यासिकेला जाणार आहे. त्याच रात्री दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी बसून पैसे मोजायचे आणि आठवड्याच्या आत हिशोब सूचना फलकावर लावायचा. एक वही पुरते त्याला, पण ती वही पाहिजेच.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी जेवण होतं, पैसेही जमतात. पण ओळखीचे ओळखीच्यांजवळच बसतात आणि नवीन राहायला आलेले कोपऱ्यात जेवून निघून जातात. मग एकत्र जेवणाचा उपयोग काय?

उपयोग आहे, पण नुसतं एका मांडवात बसून तो होत नाही. शिकागो विद्यापीठाच्या आयलेट फिशबाख आणि त्यांच्या सहकारी केटलिन वूली यांनी एक प्रयोग केला होता, 2019 मध्ये तो छापून आला. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांना पगारवाढीच्या खोट्या वाटाघाटीला बसवलं, एक कंपनीचा, एक कामगारांचा. काही जोड्यांना खायला एकच वाडगा, काहींना दोन वेगळे. एका वाडग्यातून खाणाऱ्यांमध्ये तडजोड होईपर्यंत खेळातला खोटा संप सरासरी 9 दिवस चालला, वेगवेगळं खाणाऱ्यांचा त्याहून 4 दिवस जास्त. खाणं तेच होतं, फक्त समोरच्याचा हात कधी येतोय याकडे लक्ष ठेवावं लागत होतं.

म्हणून भरलेली ताटं हातात देणं बंद करा. सहा-सहा जणांत एक भांडं आणि एक डाव मधे ठेवा, आपोआप "जरा इकडे सरकवता का" सुरू होतं. आणि नवीन माणसाला पाहुणा करून बसवू नका, त्याला वाढायला उभं करा. आमच्याकडे एक आजोबा होते, दोन वेळा आले आणि मान खाली घालून जेवून गेले. तिसऱ्या वेळी कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याचा जग दिला. तासाभरात त्यांना सगळी पोरं नावाने माहीत झाली, कारण पोरांना सारखं पाणी लागतं.

प्रश्न : पैसे कुठल्या कामाला द्यायचे यावरून आमच्यात दोन गट पडलेत, जेवणच रद्द व्हायची वेळ आलीय.

रद्द करू नका, उलट भांडण जेवणावर घेऊन या. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात 2010 पासून अशी एक पद्धत नावारूपाला आली. येणारा प्रत्येक जण दारात 5 डॉलर द्यायचा, त्याला सूप, ब्रेड, सॅलड आणि एक मत मिळायचं. चार जण आपापलं काम थोडक्यात मांडायचे, मग सगळे जेवायचे, जेवून झालं की मतदान व्हायचं आणि दारात जमलेले पैसे जिंकणाऱ्याला जायचे. मला यातलं आवडतं ते हे की मांडणी आणि मतदान यांच्या मधे जेवण आहे. ऐकलं की लगेच हात वर, असं नाही, शेजारच्याला विचारायला वेळ मिळतो. तुम्हाला दारात पैसे घ्यायची गरज नाही, पेटी शेवटीच ठेवा, पण मधे जेवायचा क्रम मात्र तसाच ठेवा. आणि मत प्रत्येकाला एकच, जास्त देणाऱ्याला जास्त मतं नकोत.

प्रश्न : आमच्या भागातल्या एका आजारी मुलीच्या उपचारासाठी जेवण ठेवलंय. तिला आणि आईला स्टेजवर बोलवावं का? लोकांनी बघितलं तर जास्त देतील.

नका बोलवू, प्लीज. जास्त मिळतीलही कदाचित, पण ती मुलगी उद्या त्याच रस्त्याने शाळेत जाणार आहे. आईला आधी घरी जाऊन विचारा की नाव सांगायचं का, आजार सांगायचा का, फोटो लावायचा का, आणि नाही म्हणाली तर विषय तिथेच संपवा. यायची इच्छा असेल तर ती सगळ्यांसारखी पंगतीत बसू दे, तिला काही करून आणायचं असेल तर आणू दे. आभार मानायला उभं करणं, हार, भाषण, चेक हातात देतानाचा फोटो, यातलं काहीच नको. पैसे थेट हॉस्पिटलच्या बिलात भरा आणि पावती आईला द्या.

लोकांना आठवण राहावी असं वाटत असेल तर दुसरे मार्ग आहेत. अमेरिकेत मिशिगनमधल्या जॉन हार्टम नावाच्या कलाशिक्षकांनी 1990 मध्ये विद्यार्थ्यांकडून मातीचे वाडगे करून घेतले, पाहुण्यांना त्यात साधं सूप दिलं आणि वाडगा घरी न्यायला सांगितलं, जगात रिकामे वाडगे किती आहेत ते लक्षात राहावं म्हणून. पुढे हा उपक्रम कितीतरी देशांत पसरला, आणि त्यात कुणा एका गरजू माणसाला लोकांसमोर उभं करावं लागत नाही.

प्रश्न : प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा असं ठरलंय. कुणाला बाधलं तर?

ही काळजी रास्त आहे, एकदा कुणाला त्रास झाला की पुढच्या वेळी लोक बिचकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आहे, शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. गरम ठेवायचं तर 60 अंशांच्या वर, थंड ठेवायचं तर 5 अंशांच्या खाली. सगळ्यात धोका मोठ्या पातेल्याचा असतो आणि तेच लोक विसरतात. आदल्या रात्री मोठं पातेलं भरून शिजवलं आणि झाकून तसंच ठेवलं तर मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, ते नेमके या कोमटपणात वाढतात. आदल्या दिवशी करायचंच असेल तर उथळ ताटांत पसरून पटकन गार करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करा.

प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावा, कुणी केलं, कधी केलं, आणि शेंगदाणे, दूध, अंडं, गहू, तीळ यांपैकी काय आहे. आणि प्रत्येक भांड्याला वेगळा डाव ठेवा, कारण ॲलर्जी असलेल्या माणसाला दुसऱ्या भांड्यातला डाव लागला तरी तेवढ्यानेही त्रास होऊ शकतो.

प्रश्न : उरलेलं अन्न आश्रमात दिलं तर चालेल ना?

वाढलेलं अजिबात नाही. न वाढलेलं, नीट झाकलेलं आणि त्या 2 तासांच्या आतलं असेल तरच, आणि तेही आदल्या दिवशी फोन करून हवंय का ते विचारून. रात्री 11 वाजता न विचारता पातेली नेऊन ठेवू नका, त्यांची जेवणं तोवर झालेली असतात.

प्रश्न : पहिल्या जेवणाला 80 जण होते, दुसऱ्याला सातच आले. बंद करावं का?

बंद करू नका. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या 2017 च्या अभ्यासात दिसलं की जे लोक इतरांसोबत जास्त वेळा जेवतात ते जास्त समाधानी असतात, त्यांचा आजूबाजूच्यांवर विश्वास जास्त असतो आणि हाकेला येतील असे मित्रही जास्त असतात. जास्त वेळा, हे महत्त्वाचं, एकदाच मोठं नाही. वर्षातून एकदा 80 जणांचं करण्यापेक्षा महिन्याला सात जणांचं करा, वार आणि वेळ ठरवून टाका आणि कुणी येवो न येवो बदलू नका. या वेळी पेटी ठेवूच नका. त्या सात जणांना जेवताना एवढंच विचारा की पुढच्या महिन्यात कोण काय करून आणणार, आणि येताना शेजारच्या कुठल्या घराची कडी वाजवणार.