नोटीस परत पाठवू नका, ताई (जामीनदाराचा अनुभव, लांबलाय)

ताई, तुमचं काल वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. सहकाऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला तुम्ही जामीन, त्याने हप्ते थकवले, सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ ची, म्हणजे थकबाकी वसुलीची, नोटीस आलीय आणि घरचे म्हणतायत, "कर्ज तू घेतलं नाहीस, नोटीस घेतलीस तर कबूल केल्यासारखं होईल, परत पाठव." २०१५ साली माझ्या थोरल्या भावाने मला हेच सांगितलं होतं. मी ऐकलं.

जामीन राहायलाच नको होतं वगैरे सांगणारे तुम्हाला चिकार भेटतील, ते मी सोडून देतो.

आमचा पोस्टमन ओळखीचा. कचेरीत आला की चहा घेऊनच जायचा. तो म्हणाला, "भाऊसाहेब, घ्या हो, सरकारी दिसतंय." मी म्हटलं, "नाही म्हणून लिही." त्याने लिफाफा गुडघ्यावर ठेवला, 'घेण्यास नकार' असं लिहिलं, खाली तारीख, सही. चहा अजून गरम होता. मला वाटलं, आता नोटीस मिळालीच नाही म्हणायला मोकळा. झालं उलटंच. पत्ता सापडला नाही, माणूस गावाला गेला, हे वेगळं. नकार लिहिला की नोटीस बजावली गेली असंच धरून चालतात. तारखेला मी नाही, कर्जदार नाही, संस्थेचा माणूस कागद ठेवून निघून गेला. आमचं न ऐकताच एकतर्फी वसुली दाखला (रक्कम वसूल करायचा हुकूम) निघाला, ३,६१,२०० रुपयांचा.

आता हिशेब बघा. मुद्दल बाकी २,१०,०००. व्याज १६ टक्के, वर दंडव्याज २, असं चार वर्षांचं. गुणाकार बरोबरच होता. पण पहिल्या वर्षाअखेरीस कर्जदाराने रोख ४०,००० भरले होते, पावत्या त्याच्या घरी ट्रंकेत. ते जमेला धरलेच नव्हते. त्याचे शेअर्स आणि सक्तीची ठेव मिळून २२,५०० संस्थेकडेच पडून होते, तेही वळते केले नव्हते. व्याजासकट धरलं तर ऐंशी हजारांच्या वर फरक. हे सांगायला फक्त त्या दिवशी तिथे उभं राहायला हवं होतं, वकीलसुद्धा लागला नसता.

नंतर वकिलाकडे गेलो. ते म्हणाले, वसुली दाखल्यावर त्याच सहकार कायद्याच्या कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज (हुकूम वरच्या अधिकाऱ्याने पुन्हा तपासावा म्हणून) करता येतो, मुदत दोन महिने, पण आधी येणे रकमेच्या निम्मे संस्थेत भरायचे. म्हणजे १,८०,६००. एवढे असते तर मी त्यांच्या पायरीवर कशाला बसलो असतो?

(मी वकील नाही. जिल्हा परिषदेतला कारकून आहे. तुमचे कागद जाणकाराला दाखवाच.)

तारखेला "कर्ज मी घेतलं नाही" हे सांगण्यात वेळ घालवू नका. प्रत्येकाच्या घरी एक काका असतो, त्याला खात्री असते की आधी कर्जदाराची जमीन विकली पाहिजे, मगच जामीनदार. तसं नाही. करार कायदा १८७२, कलम १२८. करारात वेगळं ठरलं नसेल तर कर्जदाराची जबाबदारी तेवढीच जामीनदाराची, आणि संस्था सरळ तुमच्याकडे येऊ शकते. येतेच, कारण तुमचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होतो आणि त्याचा होत नाही. भांडायचं ते आकड्यावर. आजच लेखी अर्ज देऊन खातेउतारा मागा, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. तोंडी मागितलेलं काही मिळत नाही. आणि तो सहकारी फोन उचलतोय तोवर त्याच्याकडच्या पावत्यांचे फोटो मागवून घ्या. माझ्यावाला नंतर उचलेनासा झाला. लिफाफाही फेकू नका, त्यावरची तारीख पुढे मुदत मोजायला लागते.

पगाराचं म्हणाल तर कर्जाच्या फॉर्मबरोबर कपातीच्या संमतीपत्रावर (सहकार कायद्याच्या कलम ४९ चं) सही केली होती का ते आठवा. मी केली होती, न वाचता. महिन्याला ९,००० कापले गेले, साडेचार वर्षं, कारण व्याज पुढे चालूच. बायकोने भिशी सोडली, शिवणकाम वाढवलं. पहिल्या दोन महिन्यांत घाबरून मी मोबाईलवरच्या एका ॲपवरून १५,००० घेतले, तो आणखी एक शहाणपणा. हप्ता दोन दिवस चुकला तर माझ्या मेव्हण्याला फोन गेला. हे करू नका. त्यापेक्षा घराच्या हप्त्याच्या बँकेत कपात सुरू व्हायच्या आधीच जाऊन मुदत वाढवून मागा. हप्ता चुकल्यावर गेलं की तोच साहेब वेगळ्या आवाजात बोलतो.

पैसे फिटले, पण कपात थांबवायचं पत्र येईना. दोन महिने जादा कापले गेले. त्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, मला अजून नोकरी करायचीय. साहेब दौऱ्यावर, टेबल बदललं, आवक नंबर आणा, आवक नंबर आणला तर जावक रजिस्टर सापडत नाही, मग लॉकडाऊन. बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) २०२१ मध्ये हातात पडला. अकरा किरकोळ रजा गेल्या, मोजल्यात मी. शेवटी माहिती अधिकारात 'माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारलं, तेव्हा आठ दिवसांत दाखला टाईप झाला. १० रुपयांच्या तिकिटाने जे झालं ते माझ्या अकरा रजांनी झालं नाही.

आणि हो, दुसरा जामीनदार आहे का तुमच्याबरोबर? असेल तर आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलेलं त्याच्याकडून मागता येतं, कर्जदाराकडून तर सगळंच. मात्र मुदत तीन वर्षं. माझा दुसरा जामीनदार निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस, त्यांनी थोडे थोडे करत ७०,००० दिले. कर्जदाराने छदाम दिला नाही. दाव्याच्या खर्चाला भिऊन मी तेही सोडलं. गेल्या दिवाळीत तो जत्रेत दिसला, नवी गाडी. "काय भाऊसाहेब, बरं आहे ना?" म्हणाला. मी पण "बरं आहे" म्हटलं.

असो. तारीख कधीची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. खातेउतारा मिळाला की नाव आणि खाते क्रमांक खोडून इथे टाका, व्याजाची बेरीज मी तपासून देतो. तेवढं मला आता पाठ झालंय.