पॅरालीगलचा अभ्यासक्रम : वाचकांच्या शंकांना उत्तरे

प्रश्न : पुण्यात सनद घेऊन सहा वर्षे वकिली केली. आता पतीच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणारा व्हिसा) कॅलिफोर्नियात आहे. कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगलची, म्हणजे वकिलाच्या हाताखाली कायदेशीर काम करणाऱ्या सहायकाची, पदवी घ्यावी का?

उत्तर : आपण घाईने प्रवेश घेऊ नये. परदेशात सनद मिळवलेल्या आणि ती चालू ठेवलेल्या वकिलाला येथे पुन्हा कायद्याची पदवी न घेता कॅलिफोर्नियाच्या बार परीक्षेला (वकिलीच्या परवान्यासाठीची परीक्षा) बसता येते. ही वाट माहीत नसल्यामुळे अनुभवी वकील स्वतःचे मोल कमी करून घेतात, याचे मला वाईट वाटते. परीक्षा तूर्त शक्य नसेल, तर कॉलेजातील कायदेशीर लेखन व संशोधनाचे विषय निश्चित उपयोगी पडतील. एच-४ व्हिसावर शिकता येते; नोकरीसाठी मात्र वेगळा परवाना लागतो आणि तो काही अटींवरच, उदाहरणार्थ एच-१बी धारक जोडीदाराचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डासाठीचा) मंजूर असेल तर, मिळतो. इंटर्नशिप बिनपगारी असली, तरी ती स्वीकारण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला विचारावे.

प्रश्न : मी बी.कॉम. आहे. दोन वर्षांची पूर्ण पदवी आवश्यक आहे का?

उत्तर : नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त संस्थेचे, कायद्याच्या विषयांत किमान २४ सेमिस्टर युनिट्स (श्रेयांक) असलेले प्रमाणपत्र पुरते, तर दोन वर्षांच्या सहयोगी पदवीला साधारण ६० युनिट्स लागतात. भारतीय पदवीचे मूल्यांकन आधी करून घ्यावे, म्हणजे सामान्य विषय बहुधा पुन्हा शिकावे लागणार नाहीत. राज्याचे रहिवासी ठरल्यास कम्युनिटी कॉलेजात शुल्क प्रति युनिट ४६ डॉलर असते, अन्यथा कितीतरी अधिक. अभ्यासक्रमाला अमेरिकन बार असोसिएशनची (अमेरिकेतील वकिलांची संघटना) मान्यता आहे का, हेही विचारावे.

प्रश्न : अभ्यासात सर्वांत अवघड काय?

उत्तर : बहुतेकांना इंग्रजीची धास्ती असते, माझ्या मते खरी कसोटी मुदतींची असते. दाव्याचे समन्स बजावल्यावर उत्तर देण्यास सामान्यतः संघीय न्यायालयात २१ दिवस, तर कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात ३० दिवस मिळतात. बजावणीचा दिवस धरायचा नसतो आणि शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामकाजाच्या दिवसावर जाते. ही मोजणी बहुधा पॅरालीगलच करतो आणि ती चुकली, तर अशिलाविरुद्ध एकतर्फी निकाल लागू शकतो. ‘पुढची तारीख मिळेल’ या सवयीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी दिवाणी प्रक्रियेच्या पहिल्याच आठवड्यापासून प्रत्येक तारीख हाताने मोजून, नियमाचा क्रमांक शेजारी लिहून ठेवावी. संगणक मुदत काढून देतो. परंतु कोणता नियम लागू होतो, हे ओळखणे माणसाचेच काम आहे. त्याच विषयात पक्षकारांनी एकमेकांना विचारायचे लेखी प्रश्नही शिकावे लागतात. संघीय न्यायालयात त्यांची मर्यादा एरवी २५ आहे, त्यामुळे प्रत्येक प्रश्न तोलून लिहावा लागतो.

प्रश्न : पदवीनंतर ओळखीच्या लोकांचे इमिग्रेशन अर्ज भरून देऊ का?

उत्तर : देऊ नये, फुकटही नाही. पॅरालीगलने वकिलाच्या देखरेखीखालीच काम करायचे असते. कॅलिफोर्नियात वकिलाखेरीज इतर कोणासाठी कायदेशीर दस्तऐवज निवडणे, समजावणे किंवा तयार करणे त्याला मनाई आहे. ‘हा फॉर्म भरा’ एवढे सांगणेही सल्ला ठरते. चुकीच्या अर्जाने एखाद्या कुटुंबाचा येथील मुक्काम धोक्यात येऊ शकतो. अशांना वकिलाकडे किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या सेवाभावी संस्थेतील अधिकृत प्रतिनिधीकडे पाठवावे.