डिटेक्टर राहू द्या, आधी वजनकाटा घ्या

जुनी नाणी जमवायची म्हणून घोडबंदर किल्ल्यावर मेटल डिटेक्टर फिरवायचा तुमचा बेत रद्द करा. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतातसुद्धा दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. (हो, दहा रुपये. आकडा तेव्हाचाच आहे.)

सुरुवात शिवराईपासून, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यापासून करा. भरपूर मिळते, खिशाला परवडते. नवखे लोक हमखास करतात त्या चुका:

- नाणं घासणं. चिंच, लिंबू, पितांबरी भांड्यांसाठी. एकदा चकाकलं की किंमत आणि माहिती दोन्ही गेली.
- 'शेतात हंडा सापडला' म्हणणाऱ्याकडून घेणं. खोटं असेल तर नाणी बनावट, खरं असेल तर व्यवहार बेकायदा.
- वजन न करता घेणं. बनावट ओळखायला आधी वजनकाटा.

तुम्ही विचारलंत, लोक नाणी जमिनीत का पुरायचे? बँका नव्हत्या, लढाया होत्या, आणि हिणकस नाणी खर्चून चोख चांदी मागे ठेवायची सवय तर सगळीकडचीच. आपल्याला सापडतात ते मालक परत न आलेले हंडे. एकत्र सापडलेला नाण्यांचा ढीग फोडायचा, म्हणजे वेगवेगळा विकायचा, नसतो: त्यातल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावरून पुरल्याचा काळ ठरतो. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी मिळाली. बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटवलेला. कोण हरलं, हे ढिगानेच सांगितलं.

ब्राह्मी लिपी, टांकसाळींची चिन्हं वगैरे नंतर. आधी लोकल पकडून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन पाहून या, मग खरेदीचं बोलू.